वही भरते, पण काहीच आठवत नाही

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणारी सोळा वर्षांची मुलगी. दहावीपर्यंत गावातल्याच मराठी शाळेत शिकली, राज्य मंडळाच्या परीक्षेत ९१ टक्के मिळवले. घरच्यांना सायन्स हवं होतं. हिने हट्टाने कला शाखा घेतली, तीही साताऱ्यातल्या एका सीबीएसई शाळेत इंग्रजी माध्यमातून, कारण पुढे यूपीएससी करायची आहे. एसटीने जाण्यायेण्यात रोज दीड तास जातो, सकाळी धार काढताना आईला हातभार लावायचा असतो. इतिहासाचे सर दर आठवड्याला आठ-दहा पानं वाचून यायला सांगतात, त्यावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहून आणायची, शिवाय नकाशे आणि प्रकल्प. ही रात्री एक वाजेपर्यंत नोट्स काढते. पहिल्या चाचणीत ४० पैकी १७ गुण मिळाले आणि उत्तरपत्रिकेवर शेरा होता, ‘माहिती भरपूर, उत्तर कुठे आहे?’ हे गुण वडिलांना अजून सांगितलेले नाहीत. चुलतभाऊ म्हणतो, आर्ट्सला कसला आलाय अभ्यास. ती विचारते: ‘माझी कुवतच कमी आहे का? इतिहास सोडून सोपा विषय घेऊ, की राज्य मंडळाच्या कॉलेजात परत जाऊ?’

आधी त्या सतरा गुणांचं बोलू. चाळीसपैकी सतरा हे तुझ्या सवयीचे गुण नाहीत, हे मान्य. दहावीच्या निकालाला जिच्या नावाचा फ्लेक्स चौकात लागला होता, तिला ते बोचणारच. पण सरांचा शेरा तू अपमान म्हणून कळवला आहेस आणि मला तो तसा वाटत नाही. त्यात तुझ्या वाचनाबद्दल तक्रार नाही, कुवतीबद्दल तर नाहीच. तू वाचलं आहेस हे त्यांना दिसतंय. जे विचारलं होतं त्याच्याकडे तू वळली नाहीस, एवढंच ते सांगताहेत, आणि हे सुधारता येतं. जी मुलं पुस्तकच उघडत नाहीत त्यांच्या शिक्षकांना शेरा काय लिहायचा हाच प्रश्न पडतो.

आता तुझ्या वहीकडे येते. पुस्तकातलं प्रकरण वीसेक पानांचं आणि त्यावरच्या तुझ्या नोट्स पंचेचाळीस पानांच्या! मूळ पुस्तकापेक्षा जाड झालेल्या वहीला नोट्स म्हणायचं तरी कशाला? तू लिहिलं आहेस की आधी इंग्रजी वाक्य उतरवतेस, खाली अवघड शब्दांचे अर्थ लिहितेस, मग मराठी भाषांतर, मग लाल पेनाने सनावळ्या. हात चालत राहतो, पानं भरत जातात आणि आपण अभ्यास करतोय असं वाटतं. सकाळी एसटीत आठवायला गेलं की हाती काही लागत नाही. लागणार कसं? एवढं सगळं उतरवताना यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तुला एकदाही ठरवावं लागलं नाही. इतिहासातले खरे कष्ट त्या ठरवण्यात असतात. तू त्याच्या अलीकडचेच कष्ट रात्ररात्र करते आहेस.

पुस्तकात छापलंय म्हणजे ते सगळं आपल्याला आलंच पाहिजे, असं तू धरून चालली आहेस. हे कुठून आलं तेही कळतं. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांचा पेपर. धडे आटोपशीर. जोड्या लावा, कारणे लिहा, टिपा लिहा. सगळं पाठ करणं शक्य होतं, तू केलंस आणि त्याचं फळही मिळालं. आता एकट्या इतिहासाचे ऐंशी गुण लेखी, वर वीस गुणांचा प्रकल्प, आणि आवाका मेसोपोटेमियापासून जपान-चीनपर्यंत. तीच पद्धत ठेवायची आणि झोप कापायची, हा उपाय तू जूनपासून करून पाहिलास. त्याचे गुणही आता समोर आहेत.

खरं तर दहावीच्या त्याच पुस्तकाने तुला पुढची वाट दाखवली होती. पहिले दोन धडे आठव. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको, मग आपल्याकडचे ग्रँट डफ आणि राजवाडे. ही नावं सगळी मुलं जोड्या लावण्यापुरती पाठ करतात आणि मार्चनंतर विसरतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. इतिहास कोणीतरी, कुठल्यातरी कागदाच्या आधाराने, मनात काही प्रश्न धरून लिहितो, हे ते धडे सांगत होते. ग्रँट डफ १८१८ नंतर इथे साताऱ्यातच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. दरबारचे कागद त्याच्या हाताशी होते आणि पगार कंपनीचा होता. त्याला वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. तिकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवत होते आणि शिकवणं सांभाळून पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं निवडून प्रसिद्ध करत होते. यातल्या कोणाचंही काम नुसतं उतरवून काढण्याचं नव्हतं.

तू सध्या मंगोलांच्या प्रकरणावर अडली आहेस, तर तेच घेऊ. पुस्तक उघडल्या उघडल्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागू नकोस. आधी पाच-दहा मिनिटं नुसतं चाळ. उपशीर्षकं, नकाशा, कालपट, चौकटी आणि प्रकरणाखालचे प्रश्न बघ. मग कोऱ्या पानाच्या माथ्यावर एकच प्रश्न लिही, मराठीत. उदाहरणार्थ: संख्येने एवढ्या थोड्या, भटक्या लोकांनी एवढं मोठं साम्राज्य उभारलं कसं आणि चालवलं कसं? आता वाचायला बस आणि या प्रश्नाला उत्तर देईल तेवढंच टीप. १२०६ च्या सभेत तेमुजिनला चंगीजखान ही पदवी मिळाली. त्याने जुन्या टोळ्या मोडल्या आणि माणसं दहा, शंभर, हजार, दहा हजारांच्या तुकड्यांमध्ये मिसळून टाकली, त्यामुळे आपापल्या टोळीच्या म्होरक्याशी असलेली बांधिलकी सुटली. निरोप पोचवायला ठरावीक अंतरावर ताजे घोडे ठेवलेल्या चौक्या होत्या. जिंकलेल्या मुलखातलेच जाणकार कारभाराला लावले, व्यापाराच्या वाटा सुरक्षित ठेवल्या. १२२७ मध्ये चंगीजखान गेल्यावर सत्ता मुलांमध्ये, पुढे नातवांमध्ये वाटली गेली, १२५८ मध्ये बगदाद पडलं आणि हळूहळू शाखा एकमेकींपासून लांब गेल्या. एवढं अर्ध्या पानात बसतं.

उरलेल्या अर्ध्या पानासाठी दुसरा प्रश्न ठेव: हे आपल्याला सांगितलं कोणी? मंगोलांबद्दलचा पुष्कळसा मजकूर शहरांत राहणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या परक्यांनी लिहिला आहे. कोणी त्यांच्या हातून मार खाल्लेले, कोणी त्यांच्याच पदरी नोकरीला असलेले. मग त्या वर्णनांतला संहार किती खरा आणि किती फुगवलेला? याचा निकाल तुला लावायचा नाहीये. असा प्रश्न तुला पडला आहे हे उत्तराच्या दोन-तीन ओळींत दिसलं, तरी उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला पुरतं.

बाकीची नावं पुस्तकात सुखाने राहू देत. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल याची मला कल्पना आहे. ‘आणि नेमकं तेच विचारलं तर?’ एक गुणाच्या प्रश्नात कधीतरी विचारतील, आणि तो गुण जाईल. जाऊ दे. तो एक वाचवण्यासाठी आत्ता तू आठ-आठ गुणांची उत्तरं घालवते आहेस.

‘वर्गातल्या मुली भराभर पानं उलटतात, मला एका पानाला वीस मिनिटं लागतात,’ असं तू लिहितेस आणि त्यावरून आपण कमी आहोत असं ठरवून टाकतेस. त्या मुली बालवर्गापासून इंग्रजीत वाचताहेत. तू एकाच बैठकीत दोन कामं करतेस, भाषा उलगडतेस आणि इतिहासही समजून घेतेस. दोन्ही एकदम केली की दोन्ही अर्धी राहतात. म्हणून ती वेगळी कर. प्रकरणाला हात घालण्याआधी त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाच. विश्वकोश आपल्याच वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली आकाराला आला आणि आज मोबाईलवर फुकट वाचता येतो. त्याची भाषा जड आहे, काही नोंदी जुन्या झाल्या आहेत, पण रोमन साम्राज्य म्हणजे काय भानगड होती हे एका बैठकीत ध्यानात येतं. एनसीईआरटीचं तुझं पुस्तक हिंदीतही आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतं. एखादा परिच्छेद अडला तर तो हिंदीत वाच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोष्ट आधी माहीत असली की इंग्रजी पानात फक्त इंग्रजीच अडतं, आणि तेही कमी. प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत बसू नकोस. जो शब्द त्याच प्रकरणात पुन्हा पुन्हा भेटतो तेवढाच वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेव. उत्तराची मांडणी मराठीत कर आणि लिहिताना इंग्रजी साधं, वाक्यं आखूड ठेव. तिथे अलंकारिक भाषेचे गुण नाहीत.

सनावळ्यांची भीती तुझ्या पत्रात जागोजागी आहे. एका प्रकरणाला आठ-दहा सन पुष्कळ झाले, आणि ते घरच्या खुंटीला टांगले की सहसा निसटत नाहीत. साताऱ्यात खुंट्यांना तोटा नाही. पुढे चीन-जपानचं प्रकरण येईल. इंग्रज आणि चीन यांच्यातलं पहिलं अफूचं युद्ध १८३९ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं आणि पुढे काशीला नेऊन ठेवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं झगडले. १८५३ मध्ये अमेरिकी आरमारातल्या कमोडोर पेरीची जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. १८६८ मध्ये जपानात मेजी सम्राटाच्या नावाने नवी राजवट सुरू झाली, तेव्हा सातारा संस्थान खालसा होऊन वीस वर्षं उलटली होती. हे सन असे शेजारी ठेवलेस की पाठ तर होतातच, वर एक प्रश्नही पडतो. पाश्चात्त्य सत्ता जपानच्याही दाराशी आली होती, मग जपानची गत आपल्यासारखी का झाली नाही? ते अख्खं प्रकरण याच प्रश्नाभोवती फिरतं.

तुलना करताना एक पथ्य पाळ. युरोपातली सरंजामशाही वाचताना तुला वतनदारी आठवेल, बलुतेदारी आठवेल. समजून घेण्यापुरती ती मदत घे, पण उत्तरात ‘हे आपल्याकडच्यासारखंच’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. कुठे जुळत नाही हे एका वाक्यात सांगता आलं तरच ती तुलना कामाची.

प्रकल्पाचंही असंच आहे. इंटरनेटवरची चित्रं चिकटवून पन्नास पानं भरण्यात जो वेळ जाईल तो वाचव. तुमच्या अभ्यासक्रमात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या विस्थापनाचं प्रकरण आहे. आपल्या जिल्ह्यात कोयना धरणाने उठवलेली गावं आहेत आणि त्या गावांतली, आता म्हातारी झालेली माणसं अजून भेटतात. सरांची परवानगी काढ, अशा एका आजी-आजोबांशी बोल, त्यांना चालत असेल तर बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ते पुस्तकातल्या प्रकरणाशेजारी ठेवून लिही. दोन्हींत फरक फार मोठा आहे. तिथे बाहेरून आलेल्यांनी अख्खे समाज हुसकावले, इथे स्वतंत्र देशाच्या सरकारने विजेसाठी जमीन घेतली. त्या फरकावर लिहिलेली दोन पानं बाकीच्या चिकटवहीपेक्षा मोलाची ठरतील. हे वाचणाऱ्या सांगलीकडच्या मुलांना तर प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध गावोगाव चालवलेलं समांतर सरकार, हाकेच्या अंतरावर आहे. येडेमच्छिंद्र, कुंडल, शेणोली स्टेशनाजवळ १९४३ मध्ये अडवलेली रेल्वे. त्या काळी यातला बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता, सांगलीचा वेगळा जिल्हा पुढे झाला. तुमच्या गावात कोणाच्या तरी घरी त्या दिवसांच्या आठवणी असणारच. त्या आता मुलांच्या, नातवंडांच्या तोंडून ऐकायच्या आहेत, आणि ऐकीव आठवणीवर किती भरवसा ठेवायचा हाही प्रकल्पाचाच विषय होतो.

लिहिण्याचा सराव तू करतच नाहीस, हे पत्रावरून कळतं. तू वाचतेस आणि उतरवतेस. तीन तासांत ऐंशी गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं आणि आठ गुणांच्या उत्तराला अठरा. दर रविवारी पुस्तक मिटून, घड्याळ लावून एक उत्तर लिही. पहिल्याच वाक्यात प्रश्नाचं उत्तर आलं पाहिजे, पार्श्वभूमी नंतर. ‘चंगीजखानाचा जन्म अमुक ठिकाणी झाला’ इथून सुरू होणारं उत्तर सहसा भरकटतं. सुरुवातीला अठराची तीस मिनिटं होतील, होऊ देत. ते उत्तर सोमवारी सरांना दाखव, पण ‘सर, बघा ना’ म्हणू नकोस. नेमकं विचार: यातलं कुठलं वाक्य काढून टाकलं तर चालेल? ज्यांनी तो शेरा लिहिला ते हा प्रश्न ऐकून तुझ्यासाठी पाच मिनिटं काढतील असा माझा अंदाज आहे. नाही काढली, तर वर्गातली एखादी मैत्रीण गाठ आणि तिला उत्तर वाचून न दाखवता तोंडी सांग. सांगताना जिथे तू अडशील तिथेच तुला ते कळलेलं नसतं.

वेळेबद्दल थोडक्यात. एसटीत उभं राहून वही उघडता येत नाही, पण आठवता येतं. जाताना कालचं अर्धं पान मनात म्हण, येताना आज वर्गात झालेलं. आठवलं नाही तर घरी गेल्यावर तेवढंच उघडून बघ. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा हे आठवून पाहणं जास्त टिकतं. रोज इतिहासाला दीड तास, त्यापेक्षा जास्त नाही, आणि अकराला दिवा बंद. रोजच्या दीड तासात आठवड्याची आठ पानं होणार नाहीत असं वाटत असेल तर ज्या पद्धतीने होत नव्हती ती आता सोडायची आहे, हे लक्षात घे. सकाळी धार काढायला जावं लागतं याचा तू अपराध्यासारखा उल्लेख केला आहेस. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे त्यातून सूट मिळेल का, हे आईला सरळ विचार. तिने ‘सोडून दे तो विषय’ म्हटलं ते तुला रडताना बघून म्हटलंय.

आता तुझा मुख्य प्रश्न. विषय सोडणं म्हणजे हार, हे तू गृहीत धरलं आहेस आणि म्हणून तुला नीट विचारच करता येत नाहीये. विषय बदलता येतो. मात्र सीबीएसईत अकरावीला शाळा विद्यार्थ्यांची नोंदणी बोर्डाकडे करते आणि त्यात विषय ठरून जातात. त्यानंतर बदल करणं किचकट होतं. तेव्हा शाळेच्या ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचार: विषयबदलाची शेवटची तारीख कोणती, आणि शाळेत इतिहासाच्या जागी दुसरं काय घेता येतं. मी बदल असं म्हणत नाही. पण तारीख माहीत असली की रोज रात्री तोच विचार करावा लागत नाही. त्या तारखेपर्यंत वर सांगितलेल्या पद्धतीने निदान दीड प्रकरण करून बघ. गुणांपेक्षा एवढंच तपास की वाचताना मध्येच कधी ‘अरे, हे असं होतं होय!’ असं वाटलं का. वाटलं तर राहा. काहीच वाटलं नाही, सगळं ओझंच राहिलं, तर बदल आणि मागे बघू नकोस.

राज्य मंडळाकडे परत जाणं हाही कमीपणा नाही. तिथे बारावीला युरोपातल्या प्रबोधनापासून शीतयुद्ध आणि त्यापुढच्या भारतापर्यंतचा इतिहास आहे, आणि तो मराठीतून लिहिता येतो. अडचण वेळेची आहे. वर्षाच्या मध्यात अकरावीचा प्रवेश मिळणं अवघड असतं, कदाचित एक वर्ष जाईल. केवळ एका विषयाच्या एका चाचणीवरून एवढं मोठं पाऊल मी उचलणार नाही. बाकीचे विषयही इंग्रजीमुळेच अडत असतील तर मात्र त्याचा गंभीरपणे विचार कर. पत्रात तू त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाहीस, म्हणून मी धरून चालते की ते ठीक आहेत.

राहिली यूपीएससी. तिच्या नावाखाली तू स्वतःला फारच दमवते आहेस. त्या परीक्षेला बसायला पदवी लागते आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अकरावीला इतिहास घेतला होता की नाही हे तिथे कोणी विचारत नाही. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनात जगाचा इतिहास आहे, पण तो अठराव्या शतकापासूनचा. मेसोपोटेमियाच्या पंचेचाळीस पानांच्या नोट्स तिथवर न्यायच्या नाहीत. आणि ‘इंग्रजीशिवाय कलेक्टर होता येत नाही’ हे तुला कोणी सांगितलं? इंग्रजीचा पात्रतेपुरता पेपर सोडला तर मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीतून लिहिता येतात, मुलाखतही मराठीतून देता येते. पूर्वपरीक्षेचे पेपर इंग्रजी-हिंदीत असतात, तेवढं इंग्रजी पदवीपर्यंत सहज होईल. ते स्वप्न तुझं असेल तर ते पाच-सहा वर्षं थांबू शकतं.

वडिलांना गुण सांग, या आठवड्यातच. ‘बघ, मी म्हटलं होतं ना सायन्स घे,’ असं ते म्हणतील ही तुझी भीती खरी ठरेल असं धरूनच जा. म्हणू देत. वाक्य संपल्यावर त्यांना सरांचा शेरा दाखव आणि पुढचे दोन महिने काय करणार आहेस ते सांग. लपवलेले गुण त्यांना दुसरीकडून कळले, तर पुढचं बोलणं इतिहासावर न होता खोटेपणावर होईल. चुलतभावाला उत्तर द्यायच्या फंदात पडू नकोस. त्याने स्वतः इतिहासाचं आठ गुणांचं एक उत्तर लिहून दाखवलं की मग बोलता येईल.

एक गोष्ट तू कंसात लिहिलीस, जाता जाता: रात्री मोरीत जाऊन रडते, महिनाभर नीट जेवत नाही. ही कंसात टाकायची गोष्ट नाही. झोप आणि जेवण दोन आठवड्यांत रुळावर आलं नाही तर आईला सांगून डॉक्टरांकडे जा. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

पालकांनाही एक सांगायचं आहे. कला शाखेतलं मूल तासन्‌तास वाचत बसलं की ‘एवढं काय असतं त्यात’ असं आपण सहज बोलून जातो. दर आठवड्याला परक्या भाषेतली आठ पानं वाचून त्यावर स्वतःचं मत मांडायला सोळाव्या वर्षी आपल्याला जमलं असतं का, हे आधी मनाशी विचारावं.

ताजा कलमात तू विचारलं आहेस की मैत्रिणीकडचं जाडजूड गाईड झेरॉक्स करून घेऊ का. नको, त्यात पैसे घालू नकोस. अकरावीचा पेपर शाळाच काढते, त्यामुळे तुमच्या शाळेच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या अकरावीच्या प्रश्नपत्रिका तुला जास्त उपयोगी पडतील. शाळेच्या वाचनालयात किंवा सरांकडे माग. त्यातले आठ गुणांचे प्रश्न एका पानावर वेगळे लिहून काढ आणि रविवारचा प्रश्न त्यातूनच निवड.